‘द क्रू’ (२०१४): काठावर पास झालेला गेम आणि त्याला न सोडणारे खेळाडू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन वर्ल्ड रेसिंगचा, म्हणजे मोकळ्या नकाशावर हवं तिथे गाडी फिरवता येणाऱ्या गेम्सचा, विषय निघाला की गाडी बहुतेक वेळा ‘फोर्झा होरायझन’ किंवा ‘नीड फॉर स्पीड’वरच थांबते. गेल्या दोन वर्षांत मात्र ‘द क्रू’बद्दल विचारणारे वाढले आहेत, आणि त्यातल्या अनेकांनी तो कधी खेळलेलाच नाही. बंद पडलेल्या एका गेमवरून युरोपात लाखो लोकांनी सह्या का केल्या, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. त्याचं उत्तर त्या गेमबद्दलच्या मतांमध्येच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

हा नक्की कोणता ‘द क्रू’? याचे तीन भाग आहेत ना?

हो. इथे बोलणं आहे ते पहिल्या भागाबद्दल. तो २ डिसेंबर २०१४ रोजी पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला. एक्सबॉक्स ३६० साठी वेगळी आवृत्ती होती. प्रकाशक युबिसॉफ्ट, आणि बनवणारा स्टुडिओ फ्रान्समधल्या लिआँ शहरातला आयव्हरी टॉवर. मदतीला न्यूकॅसलचा रिफ्लेक्शन्स होता, म्हणजे ‘ड्रायव्हर’ मालिका करणारी मंडळी.

आयव्हरी टॉवर सुरू करणारे लोक ईडन गेम्समधून आले होते, आणि ईडनने २००६ मध्ये ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’ केला होता. त्यात हवाईचं अख्खं ओआहू बेट फिरायला मोकळं होतं, आणि रस्त्यात दुसरे खरे खेळाडू भेटायचे. ‘द क्रू’ची कल्पना तिथूनच पुढे गेली: बेटाऐवजी अख्खी अमेरिका.

‘द क्रू २’ २०१८ मध्ये आला. त्यात विमानं आणि बोटी आल्या आणि पहिल्या भागातली टोळीयुद्धाची कथा गेली. तिसरा ‘मोटरफेस्ट’ २०२३ चा, आणि तो पुन्हा ओआहूवर. फिरून फिरून मंडळी घरी आली.

समीक्षकांनी किती गुण दिले होते?

परीक्षणांचे गुण शंभरपैकी मोजून एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळाची सरासरी कन्सोलवर साठीच्या घरात, पीसीवर सत्तरीच्या आसपास. मोठ्या कंपनीच्या मोठ्या गेमसाठी हे काठावर पास होणंच. त्याच हंगामात आलेला ‘फोर्झा होरायझन २’ ऐंशीच्या वर होता, आणि जवळजवळ प्रत्येक परीक्षणात दोघांना शेजारी उभं केलं गेलं. ती तुलना ‘द क्रू’ला भोवली.

परीक्षणं गेम विकायला आल्यावरच का आली? काहीतरी लपवायचं होतं का?

तेव्हा सगळ्यांना हाच संशय आला, आणि त्याला कारण होतं. जेमतेम तीन आठवडे आधी युबिसॉफ्टचाच ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ आला होता. अमेरिकेत विक्री सुरू होऊन अर्धा दिवस उलटेपर्यंत त्याची परीक्षणं प्रसिद्ध करायला बंदी होती. बंदी उठली आणि चेहरे गायब झालेल्या पात्रांचे फोटो जगभर फिरले. त्या पार्श्वभूमीवर कंपनीने ‘द क्रू’च्या आधी सांगून टाकलं की समीक्षकांना प्रत लवकर मिळणार नाही, कारण हा गेम खऱ्या खेळाडूंनी भरलेल्या सर्व्हरवरच जोखायला हवा.

कारण अगदीच खोटं नव्हतं. रिकाम्या अमेरिकेत एकट्याने गाडी चालवून या गेमचं मत बनवणं अवघडच. पण यातून एक वेगळाच परिणाम झाला, ज्याची चर्चा कमी होते. समीक्षकाला घाई होती. वाचक वाट पाहत होते, विक्री चालू झाली होती. घाईत असलेला माणूस कथा पुढे ढकलतो, मिशनमागून मिशन संपवतो. आणि ‘द क्रू’मधली सर्वांत कच्ची गोष्ट नेमकी तीच होती.

मुख्य तक्रारी काय होत्या?

पहिली कथेची. नायक अॅलेक्स टेलर. भावाचा खून, त्याचा आळ याच्यावर, तुरुंगवास, मग एफबीआयचं बोलावणं: ‘५-१०’ नावाच्या मोटर टोळीत घुस आणि खऱ्या गुन्हेगाराला पकड. सुरुवात डेट्रॉइटमध्ये, मग एकेक प्रदेश करत पश्चिम किनाऱ्यापर्यंत. आवाज ट्रॉय बेकरचा, म्हणजे त्या काळातला सर्वांत मागणी असलेल्या आवाजांपैकी एक. तरीही संवाद इतके ओळखीचे की पुढचं वाक्य आधीच कळतं. दाढी आणि चष्म्यामुळे अॅलेक्स ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्या गेमचा नायक गॉर्डन फ्रीमन याच्यासारखा दिसतो, यावरच लोकांनी कथेपेक्षा जास्त मजा केली.

दुसरी तक्रार मिशनच्या रचनेची, आणि ही मला सर्वांत रास्त वाटते. पळणाऱ्या गाडीला धडका मारून थांबवायचं, असा एक प्रकार वारंवार येतो. समोरची गाडी तुमच्या वेगानुसार स्वतःचा वेग जुळवून घेते. तुम्ही कितीही चांगलं चालवा, ती ठराविक अंतरावर राहते; तुम्ही चुकलात तर वाट पाहते आणि शेवटच्या वळणावर उधळते. पोलीसही तसेच. तुमची गाडी कितीही भारी असो, मागून साधी गस्तीची गाडी येऊन चिकटते. आर्केड रेसिंगमध्ये, म्हणजे खरेपणापेक्षा मजेला महत्त्व देणाऱ्या गेममध्ये, थोडी लबाडी चालते, पण ती दिसता कामा नये.

तिसरी, गाडीला ‘लेव्हल’ असणं. प्रत्येक स्पर्धा जिंकली की सुटा भाग मिळतो: ब्रेक, गिअरबॉक्स, एक्झॉस्ट, टायर. त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे गाडीची पातळी. रोलप्लेइंग गेममध्ये तलवारीचा आकडा वाढतो तसा इथे सायलेन्सरचा वाढतो. यामुळे हरल्यावर प्रश्न पडायचा की मी वाईट चालवलं, की माझा आकडा कमी होता? बऱ्याचदा उत्तर आकड्याचंच असायचं. त्यावर खऱ्या पैशांनी विकत घेता येणारं खेळातलं चलनही होतं, म्हणजे पूर्ण किंमत मोजलेल्या गेममध्ये परत दुकान. याबद्दल समीक्षक आणि खेळाडू दोघेही सारखेच वैतागले होते.

बाकी ग्राफिक्स साधारण, रहदारीतल्या गाड्या निर्जीव, शहरातली माणसं पुठ्ठ्याची, अशा किरकोळ नोंदी बहुतेकांनी केल्या.

मग खेळाडूंना त्यात दिसलं तरी काय?

रस्ता.

हे एका शब्दात संपत नाही म्हणून सविस्तर. ‘द क्रू’मध्ये अलास्का आणि हवाई सोडून सगळी अमेरिका होती, अर्थात कित्येक पटींनी आक्रसलेली, पण सलग. न्यूयॉर्कहून निघून लॉस एंजेलिसला पोहोचायला खऱ्या घड्याळाची साधारण पाऊण तास लागायची, आणि त्या पाऊण तासात लोडिंगची एकही पाटी नाही. मध्येच हायवे सोडा, कुंपण तोडून शेतात घुसा, पलीकडच्या कच्च्या रस्त्याला लागा, कुणी अडवत नाही.

आणि पाऊण तासभर देखावा बदलत राहायचा. लुइझियानाच्या दलदलीवरचे पूल, मधल्या राज्यांतली सरळसोट पिकांची जमीन, रॉकी पर्वतातला बर्फ, बॉनव्हिलचं पांढरं मिठाचं मैदान, जिथे स्टिअरिंग सोडून नुसता अॅक्सिलरेटर दाबून बसता येतं, मग वाळवंट, लास व्हेगासचे दिवे आणि शेवटी पॅसिफिक. वाटेत ग्रँड कॅन्यन, माउंट रशमोर, फ्लोरिडाचं अवकाश केंद्र. काही शर्यती तर इतक्या लांबलचक की संपायला तासापेक्षा जास्त लागायचा. त्या लावून चहाला उठलात तर गेलातच.

नकाशाही तसाच. आकाशातून अख्खा देश दिसायचा, तिथून बोटाने जवळ येत येत थेट चालू रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत पोहोचता यायचं. २०१४ मध्ये हे पाहून तोंडाचा आ व्हायचा.

भूगोल चुकीचा होता का? हो, आणि बिनधास्त चुकीचा. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टन काही मिनिटांत. ज्यांचे काका-मावशी न्यू जर्सीत आहेत त्यांनी त्यांची गल्ली शोधायला जाऊ नये. न्यूयॉर्क सोडलं की उपनगरं येण्याआधीच पुढचं राज्य लागतं. पण पुण्यामुंबईत बसून ज्यांनी अमेरिका फक्त सिनेमात पाहिली होती, त्यांच्यासाठी कोणत्या राज्यानंतर कोणतं राज्य येतं हे अंगवळणी पडायला हा गेम पुरेसा होता.

या गोष्टी समीक्षकांना दिसल्या नाहीत असं नाही. बहुतेक परीक्षणांत नकाशाचं कौतुक आहेच. फरक वजनाचा होता. समीक्षकाच्या हिशेबात नकाशा हा अनेक मुद्द्यांपैकी एक. कथा संपवून रोज रात्री अर्धा तास नुसतं भटकायला येणाऱ्याच्या हिशेबात बाकी सगळं त्या नकाशाचं सामान.

म्हणजे सगळे खेळाडू खूश होते?

अजिबात नाही. पहिल्या आठवड्यांत सर्व्हरशी जोडणी तुटण्यावरून खेळाडूंनीच सर्वांत जास्त शिव्या घातल्या. ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’चे जुने चाहते तर वेगळ्याच कारणाने नाराज होते: त्यात घर घेता यायचं, शोरूममध्ये जाऊन गाडीत बसून काचा खाली करता यायच्या, तो निवांतपणा इथे नाही. ‘खेळाडूंना आवडला’ असं आज म्हणतो तेव्हा आपण टिकून राहिलेल्यांबद्दल बोलत असतो. सोडून गेलेले बोलायला थांबत नाहीत.

परीक्षणांनी हँडलिंगलाही, म्हणजे चालवताना गाडी हाताला कशी लागते त्यालाही, नावं ठेवली होती. ते खरंच इतकं वाईट होतं का?

अर्धं खरं. सुरुवातीची कारखान्यातून आल्यासारखी गाडी बर्फावर ठेवलेल्या साबणासारखी घसरते, आणि परीक्षण लिहिणाऱ्याचे बहुतेक तास अशाच गाड्यांत गेलेले असणार. भाग सुधारत गेले, चालवताना मिळणारी आपोआप मदत सेटिंगमधून कमी केली, की गाडीला वजन येतं. शिवाय एकाच गाडीला स्ट्रीट (शहरी रस्ता), डर्ट (कच्चा रस्ता), रेड (खडबडीत रान), सर्किट (शर्यतीचा ट्रॅक) असे वेगवेगळे अवतार देता यायचे; साधी स्पोर्ट्स कार उंच करून, जाड टायर लावून डोंगरात घालायची यात वेगळीच गंमत होती. तरी ‘फोर्झा’च्या जवळपास नाही. तसा दावा कुणी करत असेल तर ते प्रेम बोलतंय.

नंतरच्या विस्तारांनी मत बदललं का?

काही प्रमाणात. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘वाइल्ड रन’ आला. मोटरसायकली, मॉन्स्टर ट्रक, ड्रिफ्ट आणि ड्रॅगच्या गाड्या मिळाल्या, आणि त्याच्यासोबत दिसणं सुधारलं, पाऊस आला. वर्षभराने ‘कॉलिंग ऑल युनिट्स’मध्ये खेळाडूंना स्वतः पोलीस होता आलं. ही दोन वर्षं धरली तर २०१६ चा ‘द क्रू’ २०१४ च्या गेमपेक्षा बराच सुधारलेला होता. पण मेटाक्रिटिकवरचा आकडा पहिल्या आठवड्यात गोठतो. आजही कुणी ‘द क्रू’ शोधलं की त्याला डिसेंबर २०१४ चंच मत दिसतं.

१.२ कोटी खेळाडू होते म्हणतात. मग अपयशी कसा?

आकडा युबिसॉफ्टने स्वतः दिलेला. त्यात सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीच्या तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त पीसीवर गेम फुकट वाटला तेव्हा घेणारेही आले. तरी अपयशी म्हणता येणार नाही. त्याशिवाय दुसरा भाग निघाला नसता.

सतत ऑनलाइन राहावं लागतं, हे आधी कुणाला खटकलं नव्हतं?

या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न हा आहे.

‘द क्रू’ची पूर्ण कथा एकट्याने खेळता यायची. तरीही इंटरनेट नसेल तर गेम सुरूच व्हायचा नाही, कारण तुमची प्रगती, गाड्या, पैसे, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. परीक्षणांमध्ये ही बाब यायची ती एखाद्या ओळीत, गैरसोय म्हणून: जोडणी गेली की शर्यत गेली. कथा आणि हँडलिंगवर परिच्छेद लिहिले जात असताना याला एक वाक्य मिळत होतं. खेळाडूंनी तर तेही मनावर घेतलं नाही. ‘आजकाल नेट कुणाकडे नसतं?’ हे उत्तर ठरलेलं.

आपल्याकडे नसायचं! २०१४ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत ब्रॉडबँड म्हणजे महिन्याची डेटा मर्यादा, ती संपली की रांगणारा वेग, आणि वीज गेली की राउटरही बंद. जिओ यायला अजून पावणेदोन वर्षं होती. त्यामुळे इथल्या खेळाडूंना ही अट पहिल्या दिवसापासून टोचत होती. पण आपणही ती नेटच्या खात्यात टाकली, गेमच्या नाही. सर्व्हर एक दिवस कायमचाच बंद होईल, हा विचार करणारे तेव्हा फार थोडे.

गेम बंद नेमका कसा झाला?

१४ डिसेंबर २०२३ ला तो सगळ्या डिजिटल दुकानांतून काढला गेला. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. सर्व्हरची व्यवस्था आणि परवान्यांच्या अडचणी, असं कारण दिलं गेलं. त्यानंतर काही दिवसांतच खेळाडूंना दिसलं की त्यांच्या युबिसॉफ्ट खात्यातून गेमचा परवानाच काढून घेतला आहे. सर्व्हर बंद होणं एक वेळ समजण्यासारखं. विकत घेतलेल्या वस्तूची नोंदही पुसली जाणं लोकांच्या जिव्हारी लागलं.

मग सह्यांची मोहीम कशी सुरू झाली?

रॉस स्कॉट हा ‘अॅकर्स्ड फार्म्स’ हे यूट्यूब चॅनेल चालवतो. त्याने एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ सुरू केलं. ‘द क्रू’ हा थोर गेम आहे म्हणून त्याने तो निवडला नाही. निवडीमागे हिशेब होता. प्रकाशक फ्रेंच, फ्रान्सचे ग्राहक कायदे कडक, खेळाडू कोटीच्या घरात आणि गेम पैसे देऊन घेतलेला. मागणीही माफक: सर्व्हर कायम चालू ठेवा असं नाही, बंद करताना गेम चालू राहील अशी काही सोय करून जा.

ही मागणी युरोपीय संघापुढे ‘युरोपीय नागरिक उपक्रम’ म्हणून मांडली गेली; त्यासाठी दहा लाख सह्या लागतात. २०२५ च्या जुलैमध्ये तो टप्पा ओलांडला गेला. कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२४ मध्ये असा कायदा मंजूर झाला की डिजिटल वस्तू विकताना ‘तुम्ही फक्त परवाना घेत आहात’ हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागेल. त्या सुमारास बातम्यांमध्ये उदाहरण म्हणून ‘द क्रू’चं नाव हमखास यायचं. आणि त्याच सप्टेंबरमध्ये युबिसॉफ्टने जाहीर केलं की ‘द क्रू २’ आणि ‘मोटरफेस्ट’ला ऑफलाइन मोड मिळेल. दहा वर्षांच्या परीक्षणांनी जे झालं नाही ते इथे झालं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं येतात. त्यामुळे ग्राहक म्हणून तक्रार करायला दार आहे. पण सर्व्हर बंद करताना गेमचं काय करायचं, यावर वेगळी तरतूद नाही.

‘फोर्झा होरायझन’ही दुकानातून काढतात. त्यावर एवढा गदारोळ का नाही?

कारण त्या गेमचा जीव सर्व्हरमध्ये नाही. ‘होरायझन ४’ची विक्री डिसेंबर २०२४ मध्ये थांबली; गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने संपले की हे होतंच. पण ज्यांनी घेतला होता ते आजही तो खेळतात.

सेकंडहँड डिस्क स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

नको. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर ती डिस्क घातलीत तर गेम सर्व्हर शोधेल आणि तिथेच थांबेल. विकणारा ‘कंडिशन मस्त आहे’ म्हणेल, आणि डिस्कपुरतं ते खरंही असेल. शोकेसमध्ये ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे आता तो कुठेच खेळता येत नाही?

पीसीवर येतो. चाहत्यांच्या एका गटाने मूळ सर्व्हरची नक्कल करणारी व्यवस्था स्वतः लिहिली आणि ‘द क्रू अनलिमिटेड’ नावाने सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. एकट्याने ऑफलाइन खेळता येतं, इतरांसोबत ऑनलाइनही. गेमच्या मूळ फाइल्स मात्र तुमच्याकडे हव्यात, आणि हे काम युबिसॉफ्टचं नाही, त्यामुळे काही बिघडलं तर कंपनीकडे दाद मागता येणार नाही. जुन्या हार्ड डिस्कवर गेम पडून असेल तर ती फॉरमॅट करण्याआधी एकदा तपासा.

हा खटाटोप नको असेल तर ‘द क्रू २’ घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून तो ऑफलाइन चालतो आणि सेलमध्ये बऱ्याचदा अगदी स्वस्त असतो. अमेरिका तीच, पण रस्ते थोडे चकचकीत आणि कथा जवळजवळ नाहीच. विमान वर नेऊन रॉकीजवरून बघायचं असेल तर तेही करता येतं. पहिल्या भागाचे पक्के चाहते याला नाकं मुरडतात, ते ऐकून घ्यायचं आणि चालवायला लागायचं.